लहान घरात जपलेल्या संग्रहाची मांडणी : बेळगाव परिसरातील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातील मराठी घरांत काही ना काही जपून ठेवलेले असतेच. कुठे आजीची पितळी भातुकली असते, कुठे आजोबांचे अडकित्ते आणि पानाचे डबे, कुठे शिवराईपासून भोकाच्या पैशापर्यंतची नाणी, कुठे वर्षानुवर्षे घेतलेले दिवाळी अंक, गोकाकची लाकडी फळे, चोळीच्या खणांचे तुकडे, जुन्या ध्वनिमुद्रिका, तर कुठे दिवाळीच्या किल्ल्यावर दरवर्षी बसणारे मातीचे मावळे. घर मात्र लहान असते. शहापूर, वडगावच्या जुन्या गल्ल्यांतील अरुंद पण खोलवर गेलेली, शेजाऱ्याशी भिंत जोडून असलेली घरे असोत किंवा टिळकवाडी, अनगोळ भागांतील दोन खोल्यांचे फ्लॅट असोत, संग्रहासाठी वेगळी खोली कोणाकडेच नसते. त्यामुळे या वस्तू एक तर माळ्यावरच्या ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून राहतात, नाही तर शोकेसमध्ये एकमेकींवर रचून इतक्या दाटीने ठेवल्या जातात की त्यांतील एकही धड दिसत नाही.

जागेइतकीच दुसरी अडचण हवामानाची आहे, आणि घरसजावटीच्या सल्ल्यांत ती सहसा सापडत नाही. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात, कपाटातील कपड्यांना दमट वास येतो, पुस्तकांवर बुरशी चढते. म्हणून या लेखातील प्रत्येक सूचना एका भूमिकेवर उभी आहे : संग्रहाचा लहानसा भागच एका वेळी मांडावा, उरलेला नीट बांधून ठेवावा, आणि मांडलेल्या व ठेवलेल्या वस्तूंची अदलाबदल आपल्या ऋतूंप्रमाणे करावी. असे केल्यास चार फुटांची एक फळी मोठ्या संग्रहालाही पुरते.

आधी सगळे एकदा बाहेर काढावे

फळी विकत आणण्यापूर्वी किंवा सुताराला बोलावण्यापूर्वी, डिसेंबर ते एप्रिलमधील एखाद्या कोरड्या दिवशी संग्रहातील प्रत्येक वस्तू बाहेर काढून जमिनीवर पसरलेल्या स्वच्छ सुती चादरीवर ठेवावी. आपल्याकडे नेमके काय आणि किती आहे, हे बहुतेकांना या वेळीच प्रथम कळते. मग वस्तूंचे तीन गट करावेत. पहिल्या गटात सहसा न बिघडणाऱ्या वस्तू घ्याव्यात : पितळ, तांबे, दगड, काच, भाजलेली माती. या वर्षभर उघड्यावर राहू शकतात. दुसऱ्या गटात रंगवलेले लाकूड, कापड, ध्वनिमुद्रिका, चौकटीतील छायाचित्रे यांसारख्या, कोरड्या महिन्यांत मांडता येतील अशा वस्तू घ्याव्यात. तिसऱ्या गटात मूळ कागदपत्रे, टपाल तिकिटे, जरीची वस्त्रे आणि एकदा गेल्यास पुन्हा न मिळणाऱ्या सर्व नाजूक गोष्टी येतात. त्या फार तर थोड्या दिवसांपुरत्या बाहेर काढाव्यात, किंवा त्यांची प्रत मांडावी आणि मूळ वस्तू आतच ठेवावी.

याच दिवशी एका जाड वहीत नोंद सुरू करावी. वस्तूला क्रमांक द्यावा, ती कोणाकडून आली, साधारण केव्हाची आहे, तिचे माप काय आणि तिला कोठे तडा अथवा डाग आहे, हे लिहावे. मोबाईलवर प्रत्येक वस्तूचे दोन बाजूंनी छायाचित्र घ्यावे. ‘हा अडकित्ता संकेश्वरच्या मामांचा’ ही माहिती घरातील ज्येष्ठ माणूस आहे तोपर्यंतच मिळते, म्हणून त्यांना शेजारी बसवूनच हे काम करावे. क्रमांक वस्तूवर शाईने लिहू नये किंवा चिकटपट्टीने डकवू नये. मऊ पेन्सिलीने लिहिलेली कागदी चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी.

घरातील ओल, ऊन आणि धूर पाहून घ्यावे

बेळगाव शहर आणि खानापूर तालुका, विशेषतः जांबोटी, कणकुंबीकडचा भाग, यांना नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस झोडपतो. त्यामुळे घराच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंती सर्वांत जास्त भिजतात. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे गिलावा तडकलेला असेल तर तो पाणी आत ओढून घेतो. अशा भिंतीवर चौकटी टांगणे किंवा तिला टेकवून कपाट उभे करणे टाळावे. दोन खोल्यांमधील आतली भिंत नेहमीच अधिक सुरक्षित असते. उलट रायबाग, अथणीकडे गेल्यास पाऊस कमी होतो, पण उन्हाळ्यातील धूळ आणि उसाचा पाला पेटवल्यावर उडणारी काजळी हा तेथला मुख्य त्रास ठरतो. तेथे उघड्या फळीपेक्षा काचेचे दार आवश्यक समजावे.

भिंत ओली आहे की नाही, हे हाताने नेहमी कळत नाही. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. पारदर्शक प्लास्टिकचा सुमारे एक फूट चौरस तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूस, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे आणि आधी गिलावा, पन्हळ किंवा नळाची गळती दुरुस्त करायला हवी. थेंब बाहेरच्या बाजूस जमले तर खोलीतील हवाच दमट आहे, आणि तेथे वारा खेळता ठेवणे हा उपाय आहे. पावसाळ्यात ही परीक्षा घरातील तीन-चार भिंतींवर करून पाहिली की मांडणीची जागा बव्हंशी आपोआप ठरते. शक्य असल्यास एक लहान आर्द्रतामापकही घ्यावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी वाढू लागते. कागद, लाकूड, कापड अशा मिश्र संग्रहासाठी ४५ ते ५५ टक्के हे प्रमाण चांगले मानले जाते.

उन्हाची पाहणी एका दिवसात होते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी खिडकीतून आलेले ऊन भिंतीवर कोठपर्यंत पोहोचते, तेथे पेन्सिलीची खूण करावी आणि त्या पट्ट्यात रंगीत काहीही ठेवू नये. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर फोडणीचा तेलकट थर बसतो. देवघराजवळ उदबत्तीचा आणि निरांजनाचा धूर असतो. या दोन्ही ठिकाणी धातूच्या वस्तू चालतील, कापड आणि कागद चालणार नाही.

जागा शोधणे

जुन्या घरात सर्वांत उत्तम जागा आपल्या वाडवडिलांनीच करून ठेवलेली आहे, ती म्हणजे कोनाडा. जाड भिंतीतील हा खोलगट चौकोन एक इंचही जमीन अडवत नाही. आतून चुन्याचा हात देऊन, पूर्ण वाळल्यावर, मध्ये काचेची एक आडवी फळी बसवली तर एका कोनाड्यात दोन मजले होतात. पुढे काचेचे दार लावायचे असल्यास त्याच्या वर आणि खाली बोटभर फट ठेवावी, म्हणजे आत हवा कोंडत नाही. कोनाडा नसलेल्या घरात मात्र भार पेलणारी भिंत फोडून नवा कोनाडा करू नये. मातीच्या सांध्यांच्या भिंतीला तो धोका परवडणारा नाही.

दुसरी जागा दाराच्या चौकटीवरची. साधारण सात फुटांवर चौकट संपते आणि वर छतापर्यंत दोन-तीन फूट मोकळे असतात. तेथे खोलीच्या रुंदीची एक फळी बसवली की घागरी, कंदील, जुने स्टोव्ह, मोठे डबे अशा लांबून दिसणाऱ्या वस्तूंची सोय होते. मंगलोरी कौलांच्या घरात या उंचीवर उन्हाळ्यात फार उष्णता असते आणि कौलांच्या सांध्यांतून माती गळते, म्हणून तेथे फक्त धातू ठेवावा. बारीक कलाकुसरीच्या वस्तू इतक्या उंचावर नेल्या तर त्या हरवल्यासारख्याच असतात.

तिसरी जागा लहान घरांत फार उपयोगी पडते, पण तिच्याकडे लक्ष जात नाही : उघडलेल्या दारामागची भिंत. दार पूर्ण उघडल्यावर ते आणि भिंत यांत किती अंतर उरते ते मोजावे. चार इंच असतील तर तीन इंच खोलीची उथळ पेटी तेथे सहज बसते. नाणी, अडकित्ते, खणांचे तुकडे, लहान दिवे यांना याहून अधिक खोली लागतच नाही. जिन्याखालची तिरकी जागा, दोन खिडक्यांमधला पट्टा आणि बैठकीतल्या दिवाणाच्या डोक्याकडची भिंत याही पाहाव्यात. टीव्हीच्या वरची जागा मला कधीच योग्य वाटत नाही, कारण तेथील वस्तूकडे कोणी पाहत नाही आणि उष्णता मात्र तिला सतत मिळते.

फळ्या आणि पेट्या करून घेणे

सुताराला सांगताना मापे लिहूनच द्यावीत. भातुकलीसाठी फळीची खोली चार ते पाच इंच पुरते, पुस्तकांसाठी आणि अंकांसाठी नऊ ते दहा इंच, ध्वनिमुद्रिकांसाठी तेरा इंच. खोली गरजेपेक्षा जास्त घेतली की मागे दुसरी रांग लागते, आणि मागची रांग कोणाला दिसत नाही. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायला साधारण अडीच फुटांवर आधार द्यावा, त्याहून लांब फळी पितळेच्या वजनाने मध्ये वाकते. काचेची फळी असल्यास ६ मिलिमीटर जाडी आणि दोन फुटांपर्यंत लांबी ठेवावी, तिच्या कडा घासून घ्याव्यात आणि तिच्यावर हलक्या वस्तूच ठेवाव्यात.

लाकडाची निवड वस्तूप्रमाणे करावी. नवीन प्लाय, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता) आणि ताजा रंग यांतून बराच काळ बारीक आम्लयुक्त वाफा निघत राहतात. बंद पेटीत त्या कोंडल्या की शिसे, शिंपले आणि कागद यांना अपाय होतो. म्हणून पेटी तयार झाल्यावर किमान महिनाभर उघडी ठेवून तिचा वास पूर्ण जाऊ द्यावा, मग आतून न रंगवलेले धुतलेले सुती कापड किंवा आम्लविरहित कागद लावावा. जुनी, पूर्ण मुरलेली सागवानी दारे किंवा खिडक्या कोठे मोडीत मिळाल्या तर त्यांच्या फळ्या जरूर वापराव्यात, मात्र त्यांतून बारीक भुसा पडत नाही ना, हे पांढऱ्या कागदावर आपटून पाहावे.

भिंतीत पकड कशी घ्यायची हा प्रश्न जांभ्याच्या आणि मातीच्या भिंतींमुळे आपल्याकडे अवघड होतो. जांभ्यात छोटी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) फिरते आणि स्क्रू सैल होतो, म्हणून लांब गिट्टी आणि तेवढाच लांब स्क्रू वापरावा, आणि भोक दगडाच्या मध्यावर पाडावे, सांध्यात नाही. मातीच्या भिंतीला जड फळी टांगूच नये. त्याऐवजी जमिनीवर उभी राहणारी अरुंद लाकडी चौकट करावी, तिचा भार जमिनीवर घ्यावा आणि वरचे टोक तुळईला बांधून फक्त पुढे कलणार नाही एवढे पाहावे. कोणतेही कपाट भिंतीपासून एक इंच सुटे ठेवावे. मागून वारा जातो, ओल लागत नाही आणि वाळवीची मातीची वाट चढू लागली तर ती वेळीच दिसते.

मांडणी

मांडणीचा उत्तम धडा आपल्या चैत्रगौरीच्या आरासीत आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या महिन्यात हळदीकुंकवासाठी जी आरास होते, तिच्यात पायऱ्या करून त्यांवर कापड अंथरतात आणि गौरीसमोर खेळणी, फळे, भांडी उतरत्या क्रमाने मांडतात. पायरीमुळे मागची वस्तू पुढचीच्या डोक्यावरून दिसते. हीच युक्ती पाच इंच खोलीच्या पेटीतही चालते. दीड-दोन इंच उंचीचे लाकडी ठोकळे मागच्या बाजूस ठेवून त्यांवर भातुकलीतील घागर, बंब आणि हंडा ठेवावा, पुढे जाते, पाटा-वरवंटा, चूल, खलबत्ता असे बैठे प्रकार ठेवावेत, आणि सर्वांत पुढे पळी, झारा, सांडशी आडव्या ठेवाव्यात.

भातुकलीच्या बाबतीत माझा आग्रह आहे की ती आकाराप्रमाणे नव्हे, कामाप्रमाणे लावावी. पाणी भरण्याची भांडी एकीकडे, चुलीभोवतीची एकीकडे, दळण-कांडणाची एकीकडे, अशी लावली की पाहणाऱ्या मुलाला जुने स्वयंपाकघर समजते आणि आजीला सांगायला सूत्र मिळते. नाण्यांचा क्रम मात्र काळाप्रमाणेच हवा. ब्रिटिश काळातील आणे-पैसे, १९४३ ते १९४७ या वर्षांतील भोकाचा पैसा, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आल्यावरचे ‘नये पैसे’ आणि १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गेल्यानंतरची नाणी, एवढ्या चार ओळींतच शाळकरी मुलालाही समजेल असा इतिहास उभा राहतो.

दोन वस्तूंमध्ये निदान अर्ध्या वस्तूएवढी जागा सोडावी. मधोमध पाहण्याजोगी एक मोठी वस्तू आणि तिच्याभोवती लहान, अशी रचना सर्वसाधारणपणे चांगली दिसते, परंतु सर्व वस्तू सारख्याच आकाराच्या असतील, उदाहरणार्थ अडकित्ते, तर सरळ ओळ आणि समान अंतर हेच अधिक शोभते. पितळेच्या मागे गडद निळे, हिरवे किंवा कुसुंबी कापड उठून दिसते. लोखंडी अडकित्त्यांच्या मागे फिके कापड हवे. भिंतीवरच्या चौकटींचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर यावा, आणि जमिनीवर बसून गप्पा मारण्याची पद्धत असलेल्या घरात तो चार फुटांवर आणण्यास हरकत नाही. प्रत्येक गटाजवळ एक छोटी चिठ्ठी असावी : वस्तूचे नाव, कोणाची, कोणत्या गावची.

वस्तूंच्या प्रकाराप्रमाणे काळजी

पितळ आणि तांब्यासाठी चिंच किंवा लिंबू वापरण्याची आपली जुनी पद्धत रोजच्या भांड्यांसाठी ठीक आहे, पण संग्रहातील नक्षीदार वस्तू वारंवार घासल्याने नक्षी झिजते. वर्षातून एकदा हलक्या हाताने स्वच्छ करून, आम्लाचा अंश राहणार नाही अशी भरपूर पाण्याने धुवून, उन्हात पूर्ण वाळवून, मऊ कापडाने मेणाचा अगदी पातळ थर द्यावा. तेल लावू नये, त्याला धूळ चिकटते. जुन्या नाण्यांना मात्र चिंच, राख, पावडर, काहीही लावू नये. त्यांच्यावर चढलेला काळपट थर हा त्यांच्या वयाचा भाग असतो आणि तो घासून काढला की संग्राहकांच्या दृष्टीने नाण्याचे मोल उतरते. नाणे नेहमी कडेने धरावे.

नाण्यांचे अल्बम विकत घेताना प्लास्टिक कोणते आहे हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. मऊ आणि नव्या रेनकोटसारखा वास येणाऱ्या पीव्हीसी खिशांतून काही वर्षांनी चिकट द्रव सुटतो, त्यातील आम्लामुळे तांब्याची नाणी हिरवी पडतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे खिसे घ्यावेत, अथवा पुठ्ठ्याच्या खिडकीवजा चौकोनात नाणे बसवावे.

टपाल तिकिटांच्या मागचा गोंद आपल्या पावसाळ्यात पानाला चिकटतो. चिमट्याने हाताळावे, पानांमध्ये ग्लासिनचा गुळगुळीत कागद घालावा आणि अल्बम एकावर एक न रचता उभे ठेवावेत. चौकटीत लावायचेच असेल तर रंगीत प्रत काढून ती लावावी. हाच नियम कागदपत्रांना. शहापूर हा १९४८ पर्यंत सांगली संस्थानचा भाग होता आणि बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्या जुन्या घरांतील पेट्यांत संस्थानी मुद्रांक, मोडीतील खाती, मुंबई सरकारच्या शिक्क्यांचे दाखले निघू शकतात. त्यांची घडी सोडवून सपाट ठेवावेत, टाचण्या आणि गंजलेल्या क्लिपा काढाव्यात, फाटलेल्या जागी साधी चिकटपट्टी कधीही लावू नये, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते परत काढता येत नाही. जुनी छायाचित्रे चौकटीत लावताना मध्ये पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे मधून कापलेली चौकट, असावा. काच थेट छायाचित्राला टेकली की दमट हवेत दोन्ही कायमची चिकटतात.

कापडांत गुळेदगुडचे खण हे लहान घराला अगदी सोयीचे आहेत. खणाचा हातभर तुकडासुद्धा चौकटीत सुंदर दिसतो. तो पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवू नये, मागच्या सुती कापडाला कडेने चार-सहा सैल टाके घालावेत. इरकली किंवा जरीची जुनी लुगडी खुंटीवर वा हँगरला टांगून ठेवू नयेत, स्वतःच्या वजनानेच त्यांचे धागे तुटतात. मलमलीत गुंडाळून ठेवावीत, घडीच्या जागा दर चार महिन्यांनी बदलाव्यात आणि हौस म्हणून एखादीच सणाच्या दिवसांत मांडावी. डांबर गोळ्या जरीला आणि प्लास्टिकला लागता कामा नयेत. कडुनिंबाची पाने ठेवायची तर पूर्ण वाळवून पुरचुंडीत ठेवावीत, मोकळी पाने कापडावर डाग पाडतात.

गोकाकची लाकडी फळे आणि सावंतवाडीची खेळणी ओल्या फडक्याने पुसू नयेत. मऊ कुंचल्याने धूळ झटकावी. तळाशी बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसला तर ती वस्तू लगेच इतरांपासून वेगळी करून बंद पिशवीत ठेवावी. कापडाला किंवा पुस्तकाला कीड लागल्यास ते पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. रंगवलेल्या लाकडाला ही पद्धत वापरू नये, रंगाला तडे जातात.

ध्वनिमुद्रिकांची आवड या भागात स्वाभाविक आहे. गायक कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीचा, आणि धारवाड, मिरज ही शास्त्रीय संगीताची दोन्ही केंद्रे हाकेच्या अंतरावर. तबकड्या नेहमी उभ्या, एकमेकींना आधार देत पण न दाबता ठेवाव्यात. कव्हर भिंतीवर लावायचे असेल तर आतली तबकडी काढून वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावी. दिवाळी अंकांचे सर्व गठ्ठे मांडण्याऐवजी त्या वर्षाच्या दोन-चार मुखपृष्ठांचीच पाळी लावावी.

प्रकाश

कागद आणि कापडावर पडणारा प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास असावा, असे संग्रहालयांत मानतात, म्हणजे आपल्या बैठकीतील नेहमीच्या उजेडापेक्षा बराच कमी. एलईडी पट्टी लावावी, कारण तिच्यातून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत, परंतु तिचा वीजपुरवठ्याचा डबा पेटीच्या बाहेर ठेवावा आणि ती पाहुणे आल्यावरच लावावी. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही.

वर्षाचे वेळापत्रक

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाचा जोर वाढण्यापूर्वी, दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील मांडलेल्या वस्तू उतरवून बांधाव्यात. दिवस कोरडा असणे येथे महत्त्वाचे आहे, कारण दमट हवेत बंद केलेला डबा ती ओल चार महिने आत धरून ठेवतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटाच्या खोक्याएवढ्या जागेला ५० ग्रॅम या हिशेबाने सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारे जेल घेतल्यास ते ओले झाले की कळते. निळ्याचे गुलाबी होणारे जेल विषारी असल्यामुळे नारिंगीचे हिरवे होणारे निवडावे, आणि ते परत वाळवण्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. डबे जमिनीवर नकोत, बाहेरच्या भिंतीला टेकूनही नकोत.

मृग लागल्यापासून पंधरा दिवसांनी एकदा मांडलेल्या धातूच्या वस्तू पाहाव्यात आणि फळीच्या मागचा भाग कोरड्या कापडाने पुसावा. पावसाची उघडीप असेल त्या दुपारी खिडक्या उघडाव्यात, धुके किंवा झड असताना बंद ठेवाव्यात. गणपतीत घर माणसांनी आणि मखराने भरलेले असते. त्या दिवसांत खालच्या फळ्या रिकाम्या केलेल्या बऱ्या, म्हणजे मुलांचा धक्का लागून काही फुटत नाही. खंडेनवमीला अडकित्ते, विळ्या, जुनी हत्यारे पूजेसाठी निघतातच. त्याच वेळी लोखंडावरचा गंज बारीक पितळी ब्रशने झटकून मेणाचा हात द्यावा.

दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागते आणि खऱ्या अर्थाने मांडणीचा हंगाम सुरू होतो. बांधलेले डबे उघडावेत, प्रत्येक वस्तू नोंदवहीतील छायाचित्राशी ताडून पाहावी आणि या वर्षी पुढे कोणता गट येणार, हे घरच्यांनी मिळून ठरवावे. किल्ल्यावरचे मावळे दिवाळीत बाहेर येतात. किल्ला उतरवल्यावर त्यांच्या पायांची ओली माती पूर्ण वाळू द्यावी, कोरड्या कुंचल्याने झटकावी आणि प्रत्येक चित्र, म्हणजे मातीची बाहुली, वेगळ्या कागदात गुंडाळावे. एखादे खास चित्र, जुन्या साच्यातील घोडेस्वार किंवा सिंहासनावरचे महाराज, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोनाड्यात ठेवण्यासारखे असते. दर तीन महिन्यांनी एकच फळी बदलली तरी वर्षात संग्रहाचा मोठा भाग सर्वांच्या नजरेखालून जातो.

कायद्याची बाजू

शंभर वर्षांहून जुन्या दगडी किंवा धातूच्या मूर्ती व चित्रे आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनी सचित्र हस्तलिखिते घरात असल्यास १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार त्यांची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. शेतात किंवा पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. खानापूरकडच्या जुन्या घरांत भिंतीवर सांबराची शिंगे किंवा जनावरांची कातडी दिसतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मालकीचे प्रमाणपत्र नसताना ती बाळगणे गुन्हा आहे. असे काही असेल तर ते लपवण्यापेक्षा वन खात्याकडे जाऊन विचारणा करावी.

नोंदवहीची प्रत

वहीची एक छायाप्रत आणि सर्व छायाचित्रे दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे ठेवावीत. वही दरवर्षी दसऱ्याच्या उघडणीच्या वेळी अद्ययावत करावी आणि वस्तू कोणाला दिली, कोणती दुरुस्तीला गेली, कोणती भातुकली कोणत्या नातीच्या नावाने ठेवली आहे, हे त्यात तारखेसह लिहावे. कुटुंबातील निदान दोन माणसांना ही वही कोठे असते हे ठाऊक असावे.